हॉटेलात मुक्काम करताना : कोचीच्या दौऱ्यातून शिकलेले धडे



जानेवारीत आपल्या प्रभागसंघाच्या नऊ ताई आणि मी, अशा दहा जणी केरळमधल्या कोचीला अभ्यास दौऱ्यावर जाऊन आलो. १९९८ साली सुरू झालेल्या कुटुंबश्रीचं काम बघायचं होतं. तिथल्या गटांचा, त्यांच्या धंद्यांचा अहवाल वेगळा येतोच आहे. हा लेख आहे दौऱ्यातल्या तीन रात्रींबद्दल, म्हणजे आपण जिथे राहिलो त्या हॉटेलबद्दल.

दौरा ठरला त्या बैठकीत गाडीचं, जेवणाचं कुणी फारसं विचारलं नाही. एकच प्रश्न आला, "रवाचा खंय?" मी हॉटेल म्हटल्यावर सगळ्या गप्प. बैठक संपल्यावर एका ताईंनी बाजूला घेऊन सांगितलं, "घराकडे लॉज म्हणान सांगू नको गो, धर्मशाळा सांग."

मी धर्मशाळा सांगितलं नाही. त्यांच्या घरी गेले, सासूबाईंच्या शेजारी बसले आणि हॉटेलचं नाव, पत्ता, फोन नंबर, कोणत्या खोलीत कोण कोण असणार, हे सगळं कागदावर लिहून दिलं. सासूबाईंनी तो कागद दोनदा वाचून घेतला, देवाच्या फोटोमागे खोचला आणि म्हणाल्या, जाऊ दे.

नऊपैकी सात जणी आयुष्यात पहिल्यांदा हॉटेलात राहिल्या. चुका झाल्या, त्यातल्या बऱ्याचशा माझ्याच. पुढच्या वर्षी दुसऱ्या ताई जातील, कुणी प्रदर्शनाला जाईल, कुणी मुलीच्या परीक्षेला. त्यांना उपयोग व्हावा म्हणून लिहिते आहे.

१. आधी जागा समजून घ्या

आपल्याकडे हॉटेल म्हणजे चहा-भजी. केरळातही तसंच आहे. रस्त्यावर "हॉटेल" अशी पाटी दिसली तर ती बहुतेक वेळा खानावळ असते. राहायच्या जागेवर "लॉज", "टुरिस्ट होम", "रेसिडेन्सी" किंवा "होमस्टे" असं लिहिलेलं असतं. म्हणजे लॉज हा शब्द वाईट नाही. जागा चांगली की वाईट हे पाटीवरून कळत नाही, चौकशी केल्यावर कळतं.

दुसरी गोष्ट, कोची हे एकसंध शहर नाही. रेल्वे स्टेशनं, मोठा बाजार, बसस्थानक हे सगळं एर्नाकुलम भागात आहे. जुनं शहर, म्हणजे फोर्ट कोची आणि मट्टांचेरी, खाडीच्या पलीकडे. रस्त्याने दहा-बारा किलोमीटरचा फेरा पडतो, बोटीने गेलं तर लवकर पोहोचतो. एर्नाकुलममध्ये साधे लॉज जास्त आहेत आणि स्टेशन जवळ पडतं. फोर्ट कोचीत जुन्या घरांमधले होमस्टे आहेत, वातावरण छान आहे, पण रोज कामासाठी इकडे यायचं तर वेळ आणि भाडं दोन्ही लागतं. आपलं काम कुठे आहे ते बघून मुक्काम ठरवायचा. आम्ही एर्नाकुलममध्ये राहिलो आणि एक दिवस बोटीने पलीकडे गेलो.

जुन्या शहरात राहायचं असेल तर एक नक्की विचारा : खोली कितव्या मजल्यावर, जिना कसा, लिफ्ट आहे का. जुन्या घरांचे लाकडी जिने उभे असतात. गुडघे दुखणाऱ्या ताईंसाठी तळमजलाच मागून घ्या.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात फोर्ट कोचीत कार्निव्हल असतं, तेव्हा गर्दी होते आणि भाडी चढतात. तारखा आपल्या हातात असतील तर ते दिवस टाळा.

२. फोनवर हे सात प्रश्न विचारा

मी मोबाईल ॲपवरून चार खोल्या ठरवल्या. प्रत्येक खोलीत दोघी असं भरलं, म्हणजे आठ जणी. आणि आम्ही होतो दहा. मला वाटलं, एवढं काय, दोघी जास्तीच्या झोपतील. काउंटरवर गेल्यावर कळलं की जास्तीच्या गादीचे वेगळे पैसे. मी वाद घालायला लागले, पण ती अट ॲपवर खाली बारीक अक्षरात लिहिलेली होती. मी वाचली नव्हती. चूक माझी.

म्हणून ॲपवर दर बघा, पण पैसे भरण्याआधी एक फोन कराच :

• खोलीत किती जणी राहू शकतात? जास्तीच्या गादीचे किती?
• सांगितलेल्या दरात जीएसटी धरला आहे का?
• खोली किती वाजता मिळेल? किती वाजता सोडायची?
• लवकर पोहोचलो तर सामान ठेवायला आणि तोंड धुवायला जागा मिळेल का?
• सकाळचा नाश्ता धरलेला आहे का?
• गरम पाणी दिवसभर की ठरावीक वेळी?
• दौरा रद्द झाला तर आगाऊ रकमेतले किती परत मिळतील?

उत्तरं वहीत लिहा आणि तीच उत्तरं हॉटेलच्या नंबरवर व्हॉट्सॲपने पाठवून "बरोबर आहे ना?" असं विचारा. त्यांचं "हो" आलं की तो आपला पुरावा.

खोली मिळण्याच्या वेळेकडे विशेष लक्ष द्या. आमची गाडी सकाळी लवकर पोहोचली, आणि खोली मिळणार होती दुपारी बाराला. रात्रभर प्रवास करून आलेल्या बायका पिशव्या घेऊन पायरीवर बसल्या. नंतर कळलं की केरळात बऱ्याच लॉजमध्ये चोवीस तासांची पद्धत असते. म्हणजे सकाळी आठला खोली घेतली तर दुसऱ्या दिवशी आठपर्यंत आपली. पहाटे पोहोचणाऱ्यांना असा लॉज सोयीचा. नाहीतर स्टेशनवरच्या महिला प्रतीक्षालयात अंघोळ-चहा उरकून मग निघावं.

३. ओळखपत्र : मूळ हवं, झेरॉक्स नको

हॉटेलात प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र बघतात. आधार, मतदान कार्ड, वाहन परवाना किंवा पासपोर्ट चालतो. पॅन कार्डावर पत्ता नसतो, म्हणून ते सहसा घेत नाहीत.

आमच्यातल्या एका ताईंनी आधारची झेरॉक्स आणली होती. मूळ कार्ड हरवेल म्हणून जपून कपाटात ठेवलेलं. काउंटरवरच्या मुलाने नम्रपणे पण ठाम सांगितलं, झेरॉक्सवर खोली देता येणार नाही. मी म्हटलं, डिजिलॉकरमधून काढू. तर ओटीपी त्यांच्या मोबाईलवर आलाच नाही. आधारला नंबर जोडलेला होता यजमानांचा, आणि यजमान बागेत, फोन घरी चार्जिंगला. तास गेला. ताई रडवेल्या झाल्या, "माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा." शेवटी शेजारच्या मुलाने फोन बागेत नेऊन दिला, ओटीपी आला, डिजिलॉकरमधलं आधार हॉटेलने मान्य केलं.

ताईंनो, यात त्यांचा दोष नव्हता. पण विचार करा, आपल्याच नावाचं कार्ड आणि ते उघडायची किल्ली दुसऱ्याच्या खिशात. आपलं बँक खातं, कर्ज, योजना, सगळं त्या ओटीपीवर चालतं. दौऱ्याला जायचं असो नसो, हा लेख वाचून एकच काम करा : आधार केंद्रावर जाऊन स्वतःचा मोबाईल नंबर स्वतःच्या आधारला जोडून घ्या.

हॉटेलला झेरॉक्स ठेवून घ्यायची असेल तर "मास्क" केलेलं आधार देता येतं. त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. आधारच्या संकेतस्थळावरून ते काढता येतं. साधी झेरॉक्स दिलीच तर तिच्यावर तारीख आणि "फक्त हॉटेल मुक्कामासाठी" असं लिहून सही करा.

४. काउंटरवर

सोबत पुरुष नसेल तर बाईला खोली देऊ नये, असा कोणताही कायदा नाही. "तुमच्यासोबत कोण आहे?" असं विचारलं तर "आम्हीच आहोत" एवढं उत्तर पुरे. नजर खाली घालायचं कारण नाही.

रजिस्टरमध्ये आपलं नाव, पत्ता, कुठून आलो, कुठे जाणार, हे भरायचं असतं. मी घाईघाईत सगळ्यांचं भरायला घेतलं, तर आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या काकींनी पेन माझ्या हातातून काढून घेतलं. "माझी सय मीच करतंय." गटात येईपर्यंत त्या अंगठा लावत होत्या. त्यांना नाव लिहायला वेळ लागला, मागे दुसरी माणसं थांबली होती, काकींनी घाई केली नाही. मग बाकीच्यांनीही आपापलं नाव आपण लिहिलं. समन्वयक म्हणून माझ्यासाठी हा धडा होता. काम लवकर व्हावं म्हणून आपण दुसरीच्या हातातलं काम काढून घेतो.

खोलीची किल्ली घेण्याआधी एकदा खोली बघायला मागा. दाराची कडी आतून नीट लागते का, खिडकी बंद होते का, नळाला पाणी आहे का, चादरी धुतलेल्या आहेत का. पसंत नसेल तर दुसरी मागा, तेही सामान उघडण्याआधी.

काउंटरवर हॉटेलचं छोटं कार्ड असतं, ते प्रत्येकीने पर्समध्ये ठेवा. आपल्याला मल्याळम येत नाही. वाट चुकली तर कार्ड रिक्षावाल्याला दाखवलं की झालं.

५. खोलीत शिरल्यावर

ज्या गोष्टींची लाज वाटते त्याच इथे लिहिते.

• काही हॉटेलांत किल्लीऐवजी पत्त्यासारखं कार्ड असतं. दाराला लावलं की दार उघडतं आणि आत भिंतीवरच्या खाचेत ठेवलं की दिवे लागतात. आमच्या दोघी अर्धा तास अंधारात बसल्या होत्या, वीज गेली म्हणून.
• बरीचशी दारं ओढली की आपोआप बंद होतात. एक ताई गाऊनवर बाहेर डोकावल्या आणि दार बंद झालं. किल्ली आत. बाहेर पाऊल टाकताना किल्ली हातात हवीच.
• गिझरचं बटण बऱ्याचदा न्हाणीघराच्या बाहेर असतं. आधी गार पाण्याचा नळ, मग हळूहळू गरम. हाताने बघितल्याशिवाय अंगावर घेऊ नका. अंघोळ झाली की बटण बंद.
• खोलीत ठेवलेल्या बाटल्या, खाऊच्या पुड्या फुकट आहेत की विकत, हे विचारून मगच उघडा. टॉवेल हॉटेलचा, तो तिथेच ठेवायचा. साबणाची छोटी वडी आपल्यासाठी असते.
• एखादी वस्तू आधीच मोडलेली, फुटलेली दिसली तर लगेच फोटो काढून काउंटरला सांगा. नाहीतर निघताना आपल्या नावावर येते.
• जिना कुठे आहे ते दिवसाउजेडी बघून ठेवा. आग लागली तर लिफ्ट वापरायची नाही, जिन्यानेच उतरायचं.

काही कळलं नाही तर काउंटरला विचारा. आपण पैसे मोजून राहतो आहोत.

६. रात्रीची काळजी

दार आतून कडी लावून बंद. कुणी टकटक केली तर आधी आतूनच विचारायचं. दुसऱ्या रात्री साडेदहाला आमच्या एका खोलीचं दार कुणीतरी वाजवलं, "रूम सर्व्हिस" म्हणाला. ताईंनी काही मागवलं नव्हतं. त्यांनी दार उघडलं नाही, काउंटरला फोन केला, मग मला केला. निघालं असं की शेजारच्या खोलीचं जेवण चुकून इकडे आलं होतं. ताई सकाळी म्हणाल्या, "उगाच बिचाऱ्याला परत पाठवलं." मी म्हटलं, मुळीच नाही. तुम्ही अगदी बरोबर केलंत. माणूस चांगला असेल तरी फोन करून खात्री करायला एक मिनिट लागतं.

आपला खोली नंबर रिक्षात, बोटीत मोठ्याने बोलू नका. एकटी कुणी बाहेर जाणार असेल तर कुठे आणि कधी परत, हे खोलीतल्या दुसरीला माहीत हवं. प्रत्येकीच्या फोनमध्ये काउंटरचा नंबर, समन्वयकाचा नंबर, ११२ (तातडीची मदत), १८१ (महिला मदत) आणि १३९ (रेल्वे) असायलाच हवेत. फोन बंद पडतो, म्हणून हेच नंबर कागदावरही ठेवा.

दागिने घरीच ठेवून जा. रोख पैसे दोन-तीन जागी वाटून ठेवा.

७. बिल : हे आपल्या गटाचे पैसे आहेत

दौऱ्याचा पैसा प्रभागसंघाचा असतो. प्रत्येक रुपयाची पावती लेखापाल ताईंना द्यावी लागते. म्हणून बिल प्रभागसंघाच्या नावाने मागा, आणि आगाऊ रक्कम त्यातून वजा झाली आहे का बघा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७५०० रुपयांपर्यंत भाडं असलेल्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे. आधी तो १२ टक्के होता. बिलात जीएसटी लावला असेल तर हॉटेलचा १५ अक्षर-आकड्यांचा जीएसटी नंबर बिलावर हवा. केरळचा नंबर ३२ ने सुरू होतो, आपल्या महाराष्ट्राचा २७ ने.

एक उदाहरण करून बघू :

खोलीचं भाडं १८०० रुपये
जास्तीची गादी ४०० रुपये
एकूण २२०० रुपये
५ टक्के जीएसटी ११० रुपये
एका रात्रीचे २३१० रुपये
तीन रात्रींचे ६९३० रुपये

खोलीत तिघी असतील तर तीन रात्रींचे प्रत्येकी २३१० रुपये, म्हणजे एका रात्रीचे ७७० रुपये. हे गणित दौऱ्याआधी बैठकीत फळ्यावर मांडलं की कुणाच्या मनात शंका राहत नाही.

जेवणाच्या बिलात "सर्व्हिस चार्ज" असेल तर तो देण्याची सक्ती नाही. आपोआप तो लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच सांगितलं आहे. शांतपणे काढून टाकायला सांगा. ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाईन १९१५. जीएसटी मात्र वेगळा, तो सरकारचा कर आहे.

८. खाणं-पिणं आणि फिरणं

जेवणाची आपल्या सिंधुदुर्गातल्या बायकांना फार अडचण येत नाही. तिथला जाड तांबूस भात आपल्या उकड्या तांदळाच्या जवळचा. पुट्टू, आप्पम आणि काळ्या चण्यांची कडला करी हा स्वस्त आणि पोटभर नाश्ता. खोबरेल तेलाची फोडणी असते, पहिल्या दिवशी जपून खा. प्यायला कोमट गुलाबी पाणी आलं तर घाबरू नका, पतिमुगम नावाच्या झाडाचं लाकूड घालून उकळलेलं ते पाणी असतं. मांसाहाराचे सगळे प्रकार एकाच स्वयंपाकघरात होतात, म्हणून सोमवार-गुरुवार पाळणाऱ्यांनी किंवा अमुक चालत नाही अशांनी "व्हेज" पाटी बघून बसावं.

चार शब्द पाठ करा : वेळ्ळम म्हणजे पाणी, एत्र म्हणजे किती, मदि म्हणजे पुरे, आणि चेच्ची म्हणजे मोठी बहीण, आपली ताई. "चेच्ची" म्हटलं की समोरची बाई हसते आणि काम सोपं होतं.

फोर्ट कोचीला वॉटर मेट्रोने किंवा साध्या सरकारी बोटीने जाता येतं. साधी बोट खूप स्वस्त आहे. तिथे १५०३ सालचं सेंट फ्रान्सिस चर्च आहे. वास्को द गामा १५२४ मध्ये कोचीतच वारला आणि त्याला आधी तिथेच पुरलं होतं. पुढे अवशेष पोर्तुगालला नेले. पोर्तुगीजांनंतर १६६३ मध्ये डच आले, मग इंग्रज. सगळे आले ते मिरी आणि मसाल्यासाठी. आपल्या परसातली मिरीची वेल बघताना हे आठवा. मट्टांचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो आणि १५६८ सालचं ज्यू लोकांचं प्रार्थनास्थळ शनिवारी. त्याप्रमाणे दिवस ठरवा.

मट्टांचेरीत गोव्याहून काही शतकांपूर्वी गेलेली कोंकणी बोलणारी कुटुंबं आहेत. एका दुकानात आजींचं बोलणं कानावर पडलं आणि आमच्या ताई थबकल्या. अर्धं कळत होतं! दहा मिनिटं गप्पा झाल्या, दोन्हीकडून आपापल्या बोलीत.

रिक्षावाले "फक्त बघा" म्हणत मसाल्याच्या, कपड्यांच्या दुकानात नेतात. भाडं आणि थांबे बसण्याआधीच ठरवा. चिनी जाळ्यांपाशी जाळं ओढू देतात आणि मग पैसे मागतात, तेही आधी विचारा. तिथेच ताजे मासे घेऊन शिजवून मिळतात. मासळीचा भाव करायला आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही, पण शिजवायचे पैसे वेगळे असतात हे ध्यानात ठेवा.

९. निघताना

आदल्या रात्रीच बिल तयार ठेवायला सांगा. उशीखाली, गादीच्या फटीत, चार्जरच्या जागी, न्हाणीघराच्या खुंटीला एकदा हात फिरवा. आमची एक जपमाळ आणि दोन चार्जर असेच सापडले. गाडीला वेळ असेल तर सामान काउंटरवर ठेवून देतात, पण पिशवीला कुलूप आणि नाव हवं.

पिशवीत काय हवं

मूळ ओळखपत्र आणि दोन झेरॉक्स, स्वतःचा मोबाईल आणि चार्जर, रोजची औषधं चिठ्ठीसह, छोटं कुलूप, टॉवेल, चप्पल, पॅड, छत्री, डासांचं मलम, सुटे पैसे, नंबरांचा कागद.

गटाच्या बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या गटातल्या किती जणींच्या आधारला स्वतःचा मोबाईल नंबर आहे? हात वर करून मोजा आणि राहिलेल्यांची तारीख ठरवा.
२. वरचं बिलाचं उदाहरण १५०० रुपये भाडं आणि ३०० रुपये गादी धरून करा. तीन रात्रींना प्रत्येकी किती?
३. रात्री दार वाजलं तर काय कराल? दोघींनी करून दाखवा.
४. "हॉटेलात राहायचं" म्हटल्यावर आपल्या घरी काय बोललं जाईल? त्याला उत्तर काय?

चौथ्या प्रश्नाला मी उत्तर देत नाही. ज्या ताईंनी मला धर्मशाळा सांगायला सांगितलं होतं, त्यांनी परत आल्यावर सासूबाईंना फोनमधले खोलीचे फोटो दाखवले. देवामागचा कागद अजून तिथेच आहे. सासूबाई म्हणतात, राहू दे, पुढच्या वेळी लागेल.